मोजून केलेली भेसळ

भेसळ हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे, आणि तो बदनाम असावा हेच योग्य. दुधात पाणी, हळदीत रंग, मिरचीपुडीत विटेची भुकटी, डिझेलमध्ये रॉकेल असा त्याचा मोठा गोतावळा आहे. परंतु भेसळ आणि मिश्रण यांच्यामध्ये एक सीमारेषा आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरांना व सराफकट्ट्यावरच्या कारागिरांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. शुद्ध, बावनकशी सोन्याचा दागिना टिकत नाही. तो वाकतो, झिजतो. त्यात तांबे किंवा चांदी ठरावीक प्रमाणात मिसळली की तेच सोने बांगडीचा आकार धरून राहते. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते. ते कमी पडले तर दही लागत नाही आणि जास्त झाले तर आंबटढाण होते. फरक आहे तो प्रमाणाचा आणि हेतूचा. भेसळ करणारा प्रमाण लपवतो. कारागीर ते मोजतो आणि विचारले तर सांगतो.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, गेल्या वीसेक वर्षांत पदार्थविज्ञानात जे एक विलक्षण प्रकरण उलगडत गेले, ते शेवटी या मोजून केलेल्या भेसळीवरच येऊन ठेपले आहे. 'टोपॉलॉजिकल' पदार्थ असे त्याचे भारदस्त नाव. नावाने दचकण्याचे कारण नाही, गाभ्यातली कल्पना साधी आहे. या पदार्थांच्या शोधाचे श्रेय समीकरणे मांडणाऱ्यांना आणि अजस्र यंत्रांवर मोजमाप करणाऱ्यांना भरभरून मिळाले, आणि ते त्यांना मिळायलाच हवे होते. मात्र ज्यांनी भट्टीपाशी बसून कोणत्या अणूच्या जागी कोणता अणू आणि किती घालायचा हे ठरवले, त्यांच्यावाचून हा शोध कागदावरच राहिला असता. भारताने आता या क्षेत्रात मोठा पैसा घालायचे ठरवले आहे. तेव्हा या भट्टीवाल्यांची जागा नेमकी कुठे, हा प्रश्न विचारायची हीच वेळ आहे.

आधी पदार्थाची ओळख करून घेऊ. टोपॉलॉजी, म्हणजे मराठीत संस्थितिविज्ञान, ही गणिताची एक शाखा. वस्तू कितीही ताणली, दाबली, वाकवली, तरी ती फाडल्या-चिकटवल्याशिवाय जे बदलत नाही त्याचा हिशेब ती ठेवते. २०१६ साली या विषयातील सिद्धांतांसाठी डेव्हिड थाउलेस, डंकन हाल्डेन आणि मायकेल कोस्टरलिट्झ यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा निवड समितीच्या एका सदस्यांनी पत्रकारांना समजावण्यासाठी चक्क एक बन, एक भोकाचा पाव आणि एक दोन भोकांची वेटोळी बिस्किटासारखी वस्तू समोर धरली होती. आपल्याकडे इडली आणि मेदूवड्याने भागले असते. इडली कितीही चेपली तरी तिचा मेदूवडा होत नाही. त्यासाठी मध्ये भोकच पाडावे लागते. भोक एक तर असते किंवा नसते. अर्धे भोक अशी चीज नाही. म्हणूनच अशा गुणधर्माला किरकोळ धक्के हलवू शकत नाहीत.

पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या बाबतीतही असेच काहीसे असते. विद्युतरोधक पदार्थात इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या ऊर्जेच्या पट्ट्यांमध्ये एक मोकळी दरी असते. खालचा पट्टा भरलेला, वरचा रिकामा, आणि दरी ओलांडायला पुरेशी ऊर्जा नाही, म्हणून वीज वाहत नाही. बिस्मथसारख्या जड अणूंमध्ये मात्र इलेक्ट्रॉनचे भ्रमण आणि त्याची स्वतःची फिरकी यांची सांगड इतकी घट्ट असते की, काही संयुगांमध्ये या पट्ट्यांचा क्रम दरीपाशी उलटा होतो. खालच्याचे लक्षण वर, वरच्याचे खाली. पदार्थाच्या अंतरंगात हा जणू एक तिढा पडलेला असतो. बाहेरच्या हवेत तर तिढा नाही. मग पदार्थ संपतो आणि हवा सुरू होते त्या सीमेवर तिढा सुटायलाच हवा, आणि तो सुटायचा तर दरी तेथे बुजायलाच हवी. परिणाम असा की, आत वीज अडवणारा हा ठोकळा पृष्ठभागावर मात्र वीज वाहू देतो. पृष्ठभाग कापून टाका, खालून नवा पृष्ठभाग निघेल आणि तोही वाहकच असेल.

या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची शिस्तही वेगळी आहे. उजवीकडे जाणाऱ्याची फिरकी एका दिशेची, तर डावीकडे जाणाऱ्याची नेमकी उलटी. त्यामुळे वाटेत एखादा साधा, चुंबकत्व नसलेला अडथळा आला, तरी इलेक्ट्रॉनला सरळ मागे फिरता येत नाही. मागे फिरायचे तर फिरकीच पालटावी लागेल आणि तसे करण्याची ताकद त्या अडथळ्यात नसते. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे चित्र काढले तर टोकाला टोक लावलेले दोन शंकू दिसतात, हुबेहूब डमरूसारखे. त्या डमरूत इलेक्ट्रॉन पाण्यासारखे भरलेले आहेत असे समजा. पाण्याची पातळी डमरूच्या गळ्यापाशी आली, म्हणजे पृष्ठभागाचे खरे रूप प्रकट होते. पुढची सारी कहाणी ही पातळी गळ्याशी आणण्याच्या खटपटीची आहे.

गंमत अशी की, त्रिमिती टोपॉलॉजिकल विद्युतरोधक म्हणून प्रयोगाने सिद्ध झालेला पहिला पदार्थच मुळी मिश्रण होता. शुद्ध बिस्मथमध्ये वरखालचे पट्टे किंचित एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे दरीच नसते. त्यात अँटिमनी मिसळत गेले की, शेकडा सुमारे सात ते बावीस या प्रमाणात दरी उघडते. अँटिमनी म्हणजे ज्या खनिजाचा पूर्वी डोळ्यांत घालायचा सुरमा करीत, त्यातले मूलद्रव्य. या मिश्रणात तिढा असणार असे भाकीत लियांग फू आणि चार्ल्स केन यांनी २००७ साली केले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात मूळचे ढाक्याचे झाहिद हसन यांच्या गटाने प्रकाशाचा मारा करून पृष्ठभागातून उडालेल्या इलेक्ट्रॉनांची दिशा आणि ऊर्जा मोजली आणि २००८ साली ते भाकीत खरे ठरवले. ज्या स्फटिकांवर हे मोजमाप झाले, ते त्याच विद्यापीठातील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट काव्हा यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेले होते. दर शंभर अणूंत नव्वद बिस्मथचे आणि दहा अँटिमनीचे.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, बिस्मथ सेलेनाइड आणि बिस्मथ टेल्युराइड या अधिक सोप्या संयुगांत हाच गुण आढळला. ही काही दुर्मिळ रत्ने नव्हेत. बिस्मथची संयुगे पोटाच्या औषधांत वापरली जातात, सेलेनियमचे एक संयुग कोंड्यावरच्या शाम्पूत असते, आणि बिस्मथ टेल्युराइड तर मोटारीत ठेवायच्या छोट्या शीतपेट्यांमध्ये थंडावा निर्माण करण्यासाठी कित्येक वर्षे वापरात आहे. तोवर त्याच्या पृष्ठभागाकडे या दृष्टीने कोणी पाहिलेच नव्हते.

परंतु येथेच माशी शिंकली. सिद्धांत सांगत होता की बिस्मथ सेलेनाइड आतून विद्युतरोधक असेल. प्रत्यक्षात हाती आलेले स्फटिक आतूनच वीज वाहून नेत होते. दोष सिद्धांताचा नव्हता, सेलेनियमचा होता. निर्वात केलेल्या क्वार्ट्झच्या नळीत बिस्मथ आणि सेलेनियम सीलबंद करून सातशे अंशांच्या वर वितळवतात आणि मग दिवसेंदिवस हळूहळू निववतात. या काळात सेलेनियमचे काही अणू निसटून वाफेत जातात आणि स्फटिकात त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. अशी प्रत्येक रिकामी जागा दोन जादा इलेक्ट्रॉन सोडते. डमरूतील पाणी गळा ओलांडून, वरचा शंकू भरून, थेट आतल्या पट्ट्यात शिरते. मग पृष्ठभागावरचा नाजूक प्रवाह मोजायला जावे, तर आतल्या प्रवाहाच्या गदारोळात तो ऐकूच येत नाही. नगाऱ्यापुढे टिमकीची जी गत, ती त्याची.

जगातील उत्तमोत्तम सिद्धांत आणि महागडी यंत्रे येथे हतबल होती. मार्ग काढला तो रसायनाने. बिस्मथ बंध जोडताना तीन इलेक्ट्रॉन देतो, कॅल्शियम दोनच देतो. तेव्हा काही बिस्मथ अणूंच्या जागी कॅल्शियम बसवला, तर दर अणूमागे एक इलेक्ट्रॉन कमी होईल आणि सेलेनियमने केलेली उधळपट्टी भरून निघेल. प्रिन्स्टनच्या गटाने २००९ मध्ये हेच केले. लागलेल्या कॅल्शियमचे प्रमाण शेकडा एकाच्याही आतले होते. त्यानंतर पृष्ठभागावर नायट्रोजन डायऑक्साइड वायूचे रेणू बसवून उरलीसुरली पातळीही खाली आणली, आणि पाणी डमरूच्या गळ्याशी आले.

कॅल्शियमने इलेक्ट्रॉनांचा हिशेब जुळवला खरा, पण परक्या अणूने स्फटिकात थोडी अव्यवस्थाही आणली. म्हणून जपानमधील ओसाका विद्यापीठात योइची आंदो यांच्या गटाने वेगळा विचार केला. रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा रोगच होऊ नये असे काही करता येईल काय? हे स्फटिक पाच-पाच अणुथरांच्या पापुद्र्यांचे बनलेले असतात. चिकटपट्टी लावून ओढली तरी पापुद्रा सुटून येतो. त्यांनी बाहेरच्या दोन थरांत टेल्युरियम आणि अगदी मधल्या थरात सेलेनियम अशी मांडणी होणारे संयुग घेतले. मधला सेलेनियम दोन्ही बाजूंनी बिस्मथने घट्ट धरलेला असतो, त्याला निसटायला वाव कमी. २०१० साली त्यांनी दाखवले की, असा स्फटिक आतून खरोखरच वीज अडवतो. पुढे त्यातच अँटिमनीही मिसळून चार मूलद्रव्यांचे मिश्रण तयार झाले आणि प्रमाणे बदलून पातळी हवी तशी वरखाली करता येऊ लागली. २०११ मध्ये चीन व अमेरिकेतील गटांनी बिस्मथ टेल्युराइडमध्ये अँटिमनी टेल्युराइड मिसळून हेच साधले. एकाचा कल जादा इलेक्ट्रॉनांकडे, दुसऱ्याचा तुटीकडे. योग्य प्रमाणात एकत्र आणले की जमाखर्च शून्य. संसारात एक उधळ्या आणि एक काटकसरी असला की घर चालते, त्यातलाच हा प्रकार.

येथवर मिश्रणाने पातळी जुळवली. ते तिढाही घालू शकते, हे २०११ मध्येच प्रिन्स्टनच्या आणि जपानच्या गटांनी दाखवले. थॅलियम, बिस्मथ आणि गंधक यांचे संयुग साधे, बिनतिढ्याचे असते. गंधकाच्या जागी सेलेनियम घातला तर तेच संयुग तिढ्याचे होते. मेंडेलीव्हच्या कोष्टकात गंधक आणि सेलेनियम एकाच रकान्यात, एकाखाली एक बसतात, म्हणून एकाची जागा दुसरा सहज घेतो. संशोधकांनी गंधक थोडे थोडे कमी करीत सेलेनियम वाढवत नेला. दरी अरुंद होत गेली, निम्म्याच्या आसपास ती पूर्ण मिटली आणि पुन्हा उघडली तेव्हा क्रम उलटलेला होता. पृष्ठभागावर डमरू अवतरला होता. इडलीचा मेदूवडा होण्यासाठी भोक पाडावे लागते असे वर म्हटले. ते भोक कोणत्या क्षणी पडते, हे येथे पावलापावलाने पाहता आले.

या खटपटीचा कळस झाला २०१३ मध्ये. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसतानाही विजेचा प्रवाह केवळ कडेने, एकाच दिशेने आणि वाटेत काही न गमावता वाहू शकेल, ही कल्पना हाल्डेन यांनी १९८८ मध्येच मांडली होती. ती प्रत्यक्षात आणायला पदार्थ मिळत नव्हता. बीजिंगमध्ये श्वे छीखुन यांच्या नेतृत्वाखालील गटाने अँटिमनी-बिस्मथ टेल्युराइडच्या पाच पापुद्र्यांच्या थरात चुंबकत्वासाठी क्रोमियम घातले. धातूच्या दर शंभर जागांपैकी साडेसात जागा क्रोमियमला आणि उरलेल्यांत एक भाग बिस्मथ, नऊ भाग अँटिमनी. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभरातील तीन भाग, इतक्या थंडीत, विद्युतदाबाने पातळीवर शेवटचा हात फिरवल्यावर, रोध बरोबर २५,८१२.८ ओहमवर येऊन थांबला. हा आकडा पदार्थावर अवलंबून नाही. इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांकचा स्थिरांक या निसर्गाच्या दोन मापांतून तो येतो. २०१५ मध्ये एमआयटीतील भारतीय वंशाचे जगदीश मूदेरा यांच्या गटाने क्रोमियमऐवजी व्हॅनेडियम घालून हा परिणाम आणखी काटेकोर करून दाखवला. पुन्हा तेच: एक अणू काढला, दुसरा घातला.

येथे कोणी रोकडा सवाल विचारील की, एवढ्या भयंकर थंडीत चालणाऱ्या या कौतुकाचा आम्हाला उपयोग काय? सवाल रास्त आहे आणि त्याला फुगवून उत्तर देण्यात अर्थ नाही. या पदार्थांवर चालणारी वस्तू अजून आपल्या घरात आलेली नाही. विद्युतरोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी मोठ्या चुंबकाची गरज उरू नये, या दृष्टीने जर्मनी व अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थांनी त्यांची कसून तपासणी केली आहे. क्वांटम संगणकासाठीही त्यांच्याकडे आशेने पाहिले जाते. पण घाईने केलेल्या घोषणा अंगलट येतात, याचाही धडा याच क्षेत्राने दिला आहे. अशाच क्रोमियमयुक्त थरावर अतिवाहक धातू बसवून एक बहुप्रतीक्षित कण सापडल्याचा २०१७ मधील गाजलेला निबंध 'सायन्स' नियतकालिकातून २०२२ साली मागे घेतला गेला. घोषणा विरली, थर बनवण्याची विद्या मात्र शिल्लक राहिली आणि ती सर्वांच्या कामी येत आहे.

इतिहासातही हेच दिसते. १९३१ मध्ये वोल्फगांग पाउलींसारख्या थोर शास्त्रज्ञाने अर्धवाहकांच्या नादी लागू नये, तो सगळा गलिच्छ गोंधळ आहे, अशा आशयाचे मत सहकाऱ्याला पत्राने कळवले होते. गलिच्छ याचा अर्थ अशुद्ध. पण १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला तो त्या अशुद्धीवर काबू मिळवल्यामुळेच. आज हाती असलेल्या प्रत्येक मोबाईलमधील सिलिकॉनमध्ये बोरॉन, फॉस्फरस यांसारखे परके अणू मोजून पेरलेले असतात. आधी पराकोटीची शुद्धता आणि मग मोजूनमापून अशुद्धी, ही दुहेरी विद्या ज्या देशांनी साधली, ते पुढे गेले.

आणि म्हणून आपल्या घरचा प्रश्न. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्याची मुदत २०३१ पर्यंत आहे. अभियानाच्या उद्दिष्टांत टोपॉलॉजिकल पदार्थांच्या निर्मितीचा स्पष्ट उल्लेख आहे. संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे, तर पदार्थ व उपकरणांचे दिल्लीच्या आयआयटीकडे आले. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र अशा योजनांत छायाचित्रे निघतात ती चकाकत्या यंत्रांची. यंत्र पैसे मोजून परदेशातून आणता येते. कोणत्या तापमानाला किती दिवस ठेवले असता सेलेनियम निसटत नाही, हे ज्ञान हातांत मुरलेले असते. ते वर्षानुवर्षे नळ्या फुटू देऊन आणि वितळलेले गोळे टाकून देऊन येते. असे हात तयार व्हायचे तर त्यांना स्थिर नोकरी, स्वतःची भट्टी आणि दरवर्षी निबंधांची संख्या न विचारणारा वरिष्ठ लागतो. 'यंदा काय शोधलेत?' या प्रश्नाऐवजी 'यंदा स्फटिक किती सुधारला?' असे विचारणारी समिती आपल्याकडे असेल काय?

२०१९ मध्ये तीन गटांनी संगणकावर हजारो ज्ञात पदार्थ तपासून दाखवले की, टोपॉलॉजिकल गुण हा अपवाद नाही. तपासलेल्यांपैकी साधारण चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पदार्थांत तो सापडतो. म्हणजे पाककृतींचे पुस्तक तयार आहे, तेही कोणालाही उघडून पाहता येईल असे. उणीव आहे ती आचाऱ्यांची. येथे पुढे जायला अब्जावधींचा कारखाना लागत नाही. चांगली भट्टी, शुद्ध मूलद्रव्ये आणि चिकाटी लागते. या मापात आपण मागे राहण्याचे काही कारण नाही.

पण आचारी घडायचे तर घरातून सुरुवात हवी. आपल्या मध्यमवर्गीय घरांत अभ्यासक्रमांची एक उतरंड ठरलेली असते. संगणक सर्वांत वर, मग बाकीची अभियांत्रिकी, आणि कुठेच जमले नाही तर 'प्लेन बीएस्सी', त्यातही रसायन. विद्यापीठांतही भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या इमारती वेगळ्या आणि अनेकदा बोलणेही बंद. वर सांगितलेल्या कहाणीत जेथे यश आले, तेथे या दोन इमारतींमधली भिंत पडलेली होती. भाकीत करणारा, मोजणारा आणि मिसळणारा एका टेबलाशी बसले, म्हणून तिढा उलगडला. त्यात मिसळणाऱ्याचे पान शेवटी वाढायचे, ही रीत आपण सोडायला हवी.

शुद्धतेचे आपल्याला मोठे आकर्षण आहे. शुद्ध तूप, शुद्ध सोने आणि शुद्ध सिद्धांतही. निसर्गाने मात्र आपले एक मोठे गुपित मिश्रणाच्या हवाली केले, आणि तेही प्रमाण चुकले तर न बोलणाऱ्या मिश्रणाच्या. बारावीनंतर घरातली एखादी मुलगी म्हणाली की मला रसायनशास्त्र घ्यायचे आहे, भट्टीवर काम करायचे आहे, तर सुस्कारा टाकण्यापूर्वी शेकडा एकाहूनही कमी असलेल्या त्या कॅल्शियमची आठवण ठेवावी. तेवढ्यानेच सारी पातळी जागेवर आली होती.